पूजेतल्या दोन टोप्या

मला वाढवणारे काका गेले त्याचा तो सहावा दिवस होता. सुतक असल्यामुळे परभणीच्या ऑफिसातली खंडेनवमीची पूजा मी रोजंदारीवरच्या शिपाईमामांवर सोपवली आणि बाहेर बसून राहिलो. पूजा झाली आणि केबलने जोडलेले सहाही कॉम्प्युटर एकमेकांपासून तुटले.

“देव पावला, आज सुट्टी!” कारकून म्हणाला.

मी केबलला मीटर लावला. पंचवीस ओहम दिसायला हवे होते. काटा हललाच नाही. केबलच्या दोन्ही टोकांच्या छोट्या टोप्या गायब होत्या. त्या नसल्या की सगळं नेटवर्क बंद पडतं. ताम्हणात झेंडूखाली त्या सापडल्या, हळदकुंकू लावलेल्या.

“हत्यारं हायत म्हणून पुजली, साहेब. आता घरी बसवत्याल का मला?” मामांनी विचारलं.

टोप्या पुसून बसवल्या. काटा पंचवीसवर आला. मला राग आला नाही, हायसंही वाटलं नाही. मोठ्या साहेबांना पाठवायच्या रिपोर्टात लिहिलं: चाळीस मिनिटं बंद; टोप्या काढू नयेत हे मी सांगितलं नव्हतं. ते खरंच होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखे साडेनऊला कामावर आले. सुतकाचे दोन दिवस उरले होते.