गोदाची आत्या

बातमी आली तेव्हा मी हात धूत होते. बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या नळाखाली, साबणानं, पार कोपरापर्यंत... आतून सिस्टर आल्या आणि त्यांनीच नळ बंद केला. मला कळलं, आता धुवायची गरज नाही.

माझी लेक वेळेआधी आली होती. जरा दूध पचायला लागलं, आणि एका सकाळी अंग टाकून पडली, थंडगार. डॉक्टर म्हणाले, "खून में इन्फेक्शन है." आठवीत शाळा सुटलेली मी. एवढ्याशा अंगात रक्त ते किती, त्यात जंतू शिरले कुठून, हेच ज्याला त्याला विचारत राहिले. एक औषध लागू पडेना म्हणून दुसरं सुरू केलं, मग तिसरं.

ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी परभणीहून झाशीला आले. इथं माझं माणूस नाही. मला एकच धास्ती होती, पोरगी बिननावाची जाईल. काचेच्या पेटीवर नुसतं 'बेबी ऑफ सुनीता'. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि नणंद तर तिकडं परभणीत. भीत भीत सिस्टरांना विचारलं, "आप इसकी बुआ बनेंगी?"

"बुआ बनाओगी तो साड़ी लगेगी, दीदी!"

मी शिकवलं तसं त्यांनी पेटीच्या गोल खिडकीशी वाकून मास्कआडूनच म्हटलं, "कुर्रर्र... गोदा." आमच्याकडं नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. तिथं बाई मी एकटीच. घातला एक, हळूच.

"अरे, मारती भी हो? चलो, अब फिर से हाथ धोओ!"

तिथं मी हसले ती तेवढीच. पुढं सुई टोचताना, नळी बदलताना सिस्टरांचं चालायचं, "बस गोदा, हो गया बेटा." शेवटच्या सकाळीही तिला कुणीतरी नावानं हाक मारत होतं... हे उपकार कुठं फेडू? नंतर साडी घेऊन गेले. नाही म्हणाल्या नाहीत. "बुआ का हक है," म्हणत छातीशी धरली.

मशीनची ती टीं टीं अजून कानात आहे, भांडी घासतानाही. परवा भाजी निवडून हात धुतले आणि तशीच उभी राहिले, हात वर धरून. तिथं हात पुसायचे नसत. वाळले की सिस्टर आतून दार उघडत. ह्यांनी टॉवेल पुढं केला. "अगं, पूस की."

मी घेतला नाही. कोपरावरून पाणी गळत होतं... आणि मी दाराकडं बघत होते.