फिरदोस सिस्टरची ओटी

तासगावच्या बाजारात फिरदोस मुलाणीला कोथिंबिरीची एक जुडी घ्यायची म्हटलं तरी अर्धी सकाळ जाते. नोकरीतून मोकळी होऊन वर्ष उलटलं, पण रस्त्यात कुणी ना कुणी आडवं येतंच. "सिस्टर, वळकलं का? ही बगा, तुमच्या हातची!" असं म्हणून एखादी बाई आपल्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला पुढं ढकलते. पोरगी लाजते. फिरदोस तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि म्हणते, "हिला कशी विसरेन? ही पायाकडून आलेली. जन्मायच्या आधीच हिला चालायची घाई!" गंमत अशी की फिरदोस हे सगळ्यांनाच सांगते. तालुक्यात इतकी पोरं खरंच पायाकडून आली असती तर डॉक्टरांनी केव्हाच गाव सोडलं असतं. पण ऐकणाऱ्याला बरं वाटतं, आणि फिरदोसचा अख्खा जन्म समोरच्याला बरं वाटावं यातच गेला.

दवाखाना म्हटलं की आपल्याला फिनेलचा वास आठवतो. फिरदोसला आठवतात ते पायगोंडा अण्णा.

अण्णा पक्के द्राक्षबागायतदार. पायाला मोठं गळू होऊन, तापानं फणफणत दवाखान्यात आलेले. जैन माणूस. दिवस बुडाल्यावर तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा लहानपणापासूनचा नेम. तो नेम सगळ्यांना ठाऊक होता, त्याला कुणाची हरकतही नव्हती. पण संध्याकाळी फिरदोस सलाईन लावायला गेली तर अण्णांनी हात पांघरुणात घेतला.

"दिवस बुडाला. आता न्हाई."

"अण्णा, हे पोटात जात नाही. शिरेतनं जातंय."

"शीर कुणाची? माजीच न्हवं?"

शेवटी तोड निघाली, की बाटली दुपारीच लावायची आणि दिवस मावळायच्या आत संपवायची. दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी बाटली लावायलाच उशीर झाला. फिरदोस पलीकडच्या पेशंटची पट्टी बदलायला गेली आणि इकडं अण्णांची नजर एकदा खिडकीतल्या उन्हाकडं, एकदा बाटलीकडं. बाटली अर्धी, ऊन भिंतीच्या कडेला. वीज जायच्या आत बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचवायचं म्हणून जन्मभर व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस तो. त्यांनी नळीवरचं ते छोटं चाक पाहिलं आणि सरळ पूर्ण उघडलं.

फिरदोस परत आली तेव्हा अण्णा दोन चादरींखाली थंडीनं थडथड उडत होते. दातावर दात आपटत होते, पण चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान. "बसवलं बगा समदं," ते कसेबसे म्हणाले. "अजून दिवस हाय."

तिनं धावत जाऊन चाक बंद केलं, डॉक्टरांना हाक मारली, घोंगडी घातली. अण्णांची थंडी ओसरल्यावर मात्र ती व्हरांड्यात जाऊन, तोंडाला ओढणी लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

तेव्हा रमजान चालू होता आणि फिरदोसचा रोजा होता. अण्णांना ते कळलं तसं दोघांचं गोत्र जुळलं. दिवस बुडाला की एकाचं तोंड बंद व्हायचं आणि दुसरीचं उघडायचं! खिडकीजवळची खाट अण्णांची. त्यामुळं सूर्यावर पहारा त्यांचा. "सिस्टर, बुडाला बगा! मी थांबलो, आता तुमी लागा!" अशी आरोळी साऱ्या वॉर्डात घुमायची. अण्णांचा सूर्य मशिदीतल्या अजानच्या जरा आधीच बुडायचा. फिरदोस खजूर हातात धरून, "व्हय अण्णा, लागले," म्हणत अजान होईपर्यंत उगीच चादरी नीट करत राहायची. म्हाताऱ्याचं मन मोडायचं तिच्या जिवावर यायचं.

ही असली गोष्ट घडली की तिचं अर्धं लक्ष घराकडं लागायचं, कारण घरी अजीम होता. तिचा नवरा. टेम्पोतून बेदाणा सांगलीला पोचवायचा आणि संध्याकाळी आला की चहाचा कप हातात घ्यायच्या आधी विचारायचा, "आज कोण काय बोललं?" मग ती नकला करून सांगायची. अण्णांचा किस्सा त्यानं इतक्यांदा ऐकला, की पुढं सांगलीच्या मार्केटात तो स्वतः अण्णांच्या खाटेशी उभा होता असं छातीठोकपणे सांगू लागला.

पण फिरदोसचं खरं राज्य बाळंतिणींच्या वॉर्डात. आमच्या भागात सुखरूप सुटका झाली की घरी जाताना सिस्टरची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ. द्राक्षाच्या गावचं कुणी असलं तर वर मूठभर बेदाणे. नवी असताना फिरदोस पहिल्यांदा गडबडली होती. "मी मुसलमान आहे हो," ती हळूच म्हणाली. समोरची म्हातारी खेकसली, "जात कुनी इचारली? पदर धर!" तेव्हापासून तिनं कधी पदर, कधी ओढणी धरली ती धरलीच. कुंकू तेवढं हाताच्या पाठीवर लावून घ्यायची. घरातली पत्र्याची पेटी खणांनी भरून गेली. "लग्नात तुझ्या आईनं दिलं नाही एवढं कापड तालुक्यानं दिलं," असं म्हणून अजीम चिडवायचा. नारळांचं तर विचारू नका. मुलाणींच्या घरी नारळाची चटणी नाही असा दिवस उगवायचा नाही.

आणि मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत अजीम गेला.

इद्दतीचे, म्हणजे विधवेनं घरातच काढायचे, चार महिने दहा दिवस संपवून फिरदोस कामावर परत आली, ती आल्या आल्या इनचार्ज सिस्टरांकडं गेली आणि म्हणाली, "मला पुरुषांच्या वॉर्डात टाका." त्यांनी कारण विचारलं नाही. बाईला सांगावं लागत नाही. विधवेची ओटी भरत नाहीत. कुणी तिला तोंडावर काही बोललं नव्हतं, कुणी बोललंही नसतं. पण घरी निघालेली एखादी सासू हातात ताट घेऊन येईल, फिरदोसला बघून क्षणभर थबकेल आणि नजर चुकवून दुसऱ्या सिस्टरकडं वळेल, एवढं तिला सोसणार नव्हतं. आपला हात आता आनंदाच्या घरी नको असेल, या भीतीनं ती आतून पोखरली होती.

पुरुषांच्या वॉर्डात माणसं पहिल्यासारखीच होती. इंजेक्शन बघून मिशीवाला गडी आईच्या नावानं ओरडायचा. फिरदोस मान खाली घालून सुई टोचायची आणि पुढं जायची. घरी जाऊन सांगायचं कुणाला? जे सांगायचं नाही ते हळूहळू ऐकूच येईनासं झालं.

असं चाललं असताना एका दुपारी तरुण सिस्टर प्रियदर्शनी धावत आली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले, आणि इकडं बाळंतपणाची बाई अगदी टेकलेली. नाही म्हणायला वेळच नव्हता. फिरदोस गेली. बाई कवठे महांकाळकडची, क्रांती नावाची. बाळ आलं ते निळसर आणि गप्प. फिरदोसनं त्याचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यावर टिचक्या मारल्या. तेव्हा कुठं त्यानं टाहो फोडला.

दाराबाहेर क्रांतीची सासू हरणाबाई उभी होती. काटक, उंच, रिकाम्या कपाळाची. "नातू झाला आजी," प्रियदर्शनी म्हणाली.

"नातू का नात ते मागनं बगू. रडला तो त्योच न्हवं? का दुसऱ्या कुनाचं ऐकलं मी?"

पुढचे तीन दिवस हरणाबाईनं वॉर्ड डोक्यावर घेतला. नातवाला वारं लागतंय म्हणून साऱ्या वॉर्डाचे पंखे बंद केले. बाळंतिणी घामाघूम, पण बोलायची कुणाची छाती नाही. डॉक्टर तपासायला आले तर त्यांना म्हणाली, "आदी हात धुवा." ते म्हणाले, "धुतलेत." ती म्हणाली, "माज्याम्होरं न्हाई धुतले." डॉक्टर निमूटपणे पुन्हा धुवून आले.

घरी जायच्या दिवशी क्रांतीच्या सासरच्यांनी ओटीचं ताट आणलंय, हे फिरदोसला लांबूनच दिसलं. ती उठली आणि चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन, घड्या घातलेल्या चादरींच्या पुन्हा घड्या घालत बसली. बाहेर हरणाबाईचा आवाज फिरत होता. "माज्या नातवाला रडवलं ती सिस्टर कुटं हाय?" आवाज पुरुषांच्या वॉर्डात शिरला. तिथं लुंगी सावरत कुणीतरी खाटेवरून उडाल्याचंही ऐकू आलं. मग आवाज दाराशी आला आणि प्रियदर्शनीचा दबका सूर: "आजी, त्यांचे मिस्टर गेलेत. करोनात."

"म्हाईत हाय मला. म्हणून तर मी आलीया. न्हाईतर क्रांतीच्या आईला धाडलं असतं की."

दार ढकलून ती आत आली. हातात ताट. तिचा स्वतःचा नवरा तर क्रांती सून म्हणून घरात यायच्या कितीतरी आधी गेलेला.

"हरणाआक्का, मला चालत नाही," फिरदोस उठून म्हणाली.

"आन मला कुटं चालतंय? दोगी न चालनाऱ्या हाय, जमतंय का बगू."

"लोक काय म्हणतील?"

"लोक भायेर हायती. दार लाव."

फिरदोसनं दार लावलं. ओढणी दोन्ही हातांनी धरली. हरणाबाईनं ताटातला नारळ उचलला, पुन्हा ठेवला. खण उचलला. मग तांदळात हात घातला आणि तशीच थांबली. घरातल्या साऱ्या ओट्या इतकी वर्षं दुसऱ्या बायकांनी भरल्या होत्या, ती कोपऱ्यात उभं राहून बघायची. तिच्या हातांना आता क्रम आठवेना.

"आदी काय गं?" तिनं हळूच विचारलं. "तांदूळ का खण?"

"आधी खण. त्यावर नारळ. मग तांदूळ, ओंजळीनं."

"तुला बरं म्हाईत!"

"माझी भरून भरून पेटीला जागा उरली नाही, आक्का."

हरणाबाईनं खण ठेवला. नारळ ठेवायला गेली तो हातांतून निसटला आणि गडगडत थेट कपाटाखाली गेला. दोघी गुडघ्यांवर बसल्या. हात पोचेना. हरणाबाईनं आत डोकं घालून नारळालाच दम भरला, "भायेर ये मुकाट्यानं, न्हाईतर हितंच फोडीन!" आणि फिरदोसला हसू फुटलं. अजीम गेल्यापासून पहिल्यांदा. ते आवरेना, आणि हसता हसता ती रडायला लागली तेही आवरेना. हरणाबाईनं तिला रडू दिलं. नारळ काढला, पदराला पुसला आणि ओटीत ठेवला. तांदळाच्या ओंजळी घातल्या, बेदाणे घातले.

ओटी घेतली की घेणारीनं त्यातले चार दाणे परत ताटात टाकायचे असतात. फिरदोसचा हात सवयीनं ओटीत गेला. पण तो ताटाकडं वळला नाही. तिनं हरणाबाईच्या लुगड्याचा पदर ओढून तिच्याच हातांत धरायला दिला आणि मूठभर तांदूळ त्यात घातले.

तीन दिवस वॉर्ड डोक्यावर घेतलेली हरणाबाई इतक्या वर्षांनी भरलेली ओटी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. बाहेरून प्रियदर्शनीनं दार वाजवलं, "सिस्टर, नवी बाई आलीय बाळंतपणाची. येताय ना?"

"आले," फिरदोस म्हणाली. पण हरणाबाईला तो धरलेला पदर सोडवेना, आणि तिला तशी उभी टाकून फिरदोसचा पाय निघेना.