देवीचा कौल

परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फुलांच्या टोपलीतून ओल्या पाकळ्यांचा वास आला आणि गावच्या देवीचं देऊळ आठवलं. बाबांना रक्ताचा कॅन्सर होता, फार पुढे गेलेला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, केमोसोबत द्यायचं अँटीबॉडीचं नवं इंजेक्शन आहे, पण त्याची अजून चाचणीच चालू आहे. गुण येईलच असं नाही, त्रास मात्र होईल, सही तुमच्या मर्जीने करा. बाबा मोठ्या भावाला म्हणाले, "देवीक विचारून ये." आमच्याकडे देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावून कौल मागतात, उजवी आधी पडली तर होकार. संध्याकाळी भाऊ केळीच्या पानात एक पाकळी घेऊन आला. "बाबा, देवीन उजवो कौल दिलो!" बाबांनी ती डोळ्यांना लावली आणि सही केली. पुढे इंजेक्शन चढायला लागलं की थंडीने त्यांचे दात वाजायचे, खाट हलायची. मी तळपाय चोळत म्हणायची, "बाबा, देवीने उजवा दिलाय ना?" ते म्हणायचे, "दिला मगे. सोसतां." दीड महिन्यात ते गेले. वर्षश्राद्धानंतर मी देवळात गेले, तर म्हातारे पुजारी हळूच म्हणाले, "कौल डावो पडलेलो गो बाय. भावान सांगूंक ना तुका?" भाऊ अजूनही म्हणतो, बाबा जगावेत म्हणूनच केलं. असेलही. पण तो एकदाच खोटं बोलला. माझ्याकडून मात्र तेच खोटं रोज वदवून घेतलं.