कोन्थिसो

मुकादम चाचांना साधं ‘हो’ म्हणायला पाच मिनिटं लागायची. दुबईतल्या अल क्वोज भागातल्या आमच्या टाइल्सच्या गोदामाचे ते स्टोअरकीपर, मूळचे रत्नागिरीकडचे. माल आला का विचारलं, तर आधी ड्रायव्हरची तब्येत, मग शारजाचा ट्रॅफिक आणि शेवटी माल. मी डिस्पॅचला नवी होते. ऐकता ऐकता माझा चहा रोज थंड व्हायचा.

त्यांचे ईमेलही तसेच. नव्या मॅनेजर पिलार मॅडम स्पेनच्या. एका सकाळी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं आणि चाचा मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

“पोरी, हे ‘कन्साइज’ म्हणजे काय? शिवी तर नाही ना?”

“नाही हो चाचा. थोडक्यात लिहा, पण कामाचं गाळू नका, असं.”

“आणि तिच्या भाषेत?”

मी शोधून सांगितलं, “कोन्थिसो. बाईसाठी कोन्थिसा.” जीभ दातांत धरून त्यांनी चारदा म्हणून पाहिलं. मग हसले. “म्हणजे मॅडम कोन्थिसा, आणि मला व्हायचंय कोन्थिसो!”

मग मी त्यांचा मेल वाचायला घेतला. सलाम, हवापाणी, मॅडमच्या आईची चौकशी, तुटलेल्या खोक्यांचा हिशेब. नवव्या परिच्छेदात लिहिलं होतं, चार नंबरचा रॅक वाकतोय.

“चाचा, हे खरंय?”

“खोटं कशाला लिहू? खाली पोरं जेवायला बसतात, तिथे पंखा आहे ना.”

“अहो, मग हे सगळ्यात आधी लिहायचं!”

चाचांनी मोबाईल परत घेतला. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी नवा मेल लिहिला. ‘रॅक चार वाकतोय. खाली माणसं बसतात. आजच रिकामा करा.’ तो पाठवला आणि स्वतः गोदामाकडे धावले. “यल्ला, उठो सब! डब्बा बाहर!”

दहा मिनिटांत मॅडम हेल्मेट घालून खाली आल्या. त्यांनी रॅककडे नुसतं पाहिलं आणि ती बाजू बंद करायला लावली. दुपारी तीनच्या सुमारास रॅक कोसळला. धूळ बसली तेव्हा पंख्याखाली टाइल्सचा ढीग होता. माणूस एकही नव्हता.

मॅडम एका लाकडी पॅलेटवर बसल्या. “मी तुमचा पहिला मेल शेवटपर्यंत वाचलाच नव्हता,” त्या म्हणाल्या. “मला माफ करा.”

चाचांनी पाण्याची बाटली उघडून पुढे केली. “खलास, मॅडम, जाने दो. गलती मेरी भी. जरूरी बात पीछे रख दी.”

गेल्या वर्षी चाचा कायमचे गावी गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला गोदामभर फिरवलं आणि माझा तळवा एका रॅकच्या पायावर टेकवला. “इथे हात फिरव. लोखंड वाकायला लागलं, की डोळ्यांआधी हाताला कळतं.”

आता रोज सकाळी कंप्युटर सुरू करण्याआधी मी सगळ्या रॅकवरून हात फिरवून येते. नवे लोक बघून हसतात. मी त्यांनाही सोबत घेते.