मामांचं तिखट इंग्रजी

माझ्या बायकोच्या मामांइतकं इंग्रजी अख्ख्या कोल्हापुरात कुणी उधळलं नसेल. सगळं इंग्रजी नव्हे हं. क्रियापदं त्यांना बेताचीच येतात आणि काळांशी त्यांचा फारसा घरोबा नाही. त्यांचा जीव फक्त जोर देणाऱ्या शब्दांवर. एक्स्ट्रीमली, अ‍ॅब्सोल्यूटली, ट्रिमेंडसली! शाहूपुरीच्या एका बोळात त्यांची मिरची कांडायची गिरणी आहे आणि यंत्राशेजारी खिळ्याला, रद्दीत मिळालेला एक इंग्रजी समानार्थी शब्दकोश सुतळीनं टांगलेला आहे. चटणीच्या, म्हणजे लाल तिखटाच्या, हातांनी पानं उलटून उलटून तो तांबडालाल झालाय. त्यात शब्द शोधायचा म्हणजे आधी तीन शिंका द्याव्या लागतात.

"मराठीत आपलं एकच, लई," मामा सांगतात. "लई भूक, लई पाऊस, लई शाणा. आन् इंग्रजाकडं बघा, नुसत्या 'लई'ला पन्नास शब्द! उगंच दीडशे वर्षं राज्य केलं व्हय?" या पन्नासांची त्यांनी मिरच्यांप्रमाणे प्रतवारी लावली आहे. व्हेरी म्हणजे ढबू मिरची, नुसता आकार. एक्स्ट्रीमली ही ब्याडगी, रंगाला बरी. खरा जाळ हवा असेल तर अटरली, ती लवंगी! एकदा हे व्याख्यान रंगात आलं असताना रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बाबा, तुझी लवंगी ऱ्हाऊ दे, माझी चटणी बारीक कर." मामांनी केली, आणि वर "परफेक्टली बारीक" असं सांगूनच तिच्या हातात दिली.

एका जेवणात एक शब्द दोनदा वापरायचा नाही, हा त्यांचा नेम. आमच्याकडे मटणाच्या जेवणाला आले, तेव्हा पांढऱ्या रश्श्याच्या प्रत्येक वाटीला त्यांनी नवा शब्द काढला. पाचव्या वाटीला मात्र गाडी अडली. माझी बायको पळी घेऊन उभी, मामा डोळे मिटून बसलेले. शेवटी त्यांनी वाटीवर हात धरला. "नको बाई. शब्द संपलं." पोटात जागा होती, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

या माणसाची एकुलती एक मुलगी स्नेहल गेल्या वर्षी शिकायला आयर्लंडला निघाली. तिथल्या घरमालकिणीनं खोली द्यायच्या आधी घरच्यांकडून मुलीविषयी दोन ओळी मागवल्या होत्या. मामांनी चार पानं लिहिली. स्नेहल घाबरून मला गिरणीत घेऊन गेली. "दाजी, हे वाचून ती बाई म्हणंल, एवढं सांगाय लागतंय म्हंजे पोरीत कायतरी खोट हाय. खोली गेली तर मी उतरू कुठं? आठ दिवसांवर इमान आलंय!"

मी पत्र हातात घेतलं. मुलगी एक्स्ट्रीमली ऑनेस्ट होती, अ‍ॅब्सोल्यूटली क्लीन होती आणि इनक्रेडिबली अर्ली उठणारी होती.

"पप्पा, मी साडेआठाशिवाय उठत न्हाय!"

"म्हणून तर शब्द जोराचा लावलाय."

मग मी पेन्सिल घेऊन बसलो. मिरचीचे देठ खुडावेत तसा एकेक शब्द काढत गेलो आणि मामा प्रत्येकासाठी अडून बसले. "जावईबापू, एवढा एक ऱ्हाऊ द्या की. लई हुडकून काढलाय ओ." मी दाद दिली नाही. संध्याकाळपर्यंत चार पानांच्या तीन ओळी झाल्या. माझी मुलगी प्रामाणिक आहे. ती स्वच्छ राहते. ती पहिल्यांदाच घर सोडून एकटी येते आहे.

मामांनी त्या तीन ओळी दोनदा वाचल्या. चष्मा कपाळावर सरकवला. "बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पण आता ही कुणाचीबी पोरगी वाटती की."

मला पेन्सिल कुठं ठेवावी ते कळेना. स्नेहलनं बापाकडे पाहिलं, मग माझ्या हातातली मूळ चारही पानं पेन्सिलीच्या खुणांसकट ओढून घेतली, एकेकाचा फोटो काढला आणि तिथल्या तिथं पाठवून दिला.

"आगं, खोली गेली तर?" मामाच घाबरले.

"जाऊ दे. दुसरी बघीन."

खोली मिळाली. त्या बाईलाही बाप असणार.

आता स्नेहलला जाऊन आठ महिने झाले. मध्यंतरी मी गिरणीत गेलो होतो. मामा नेहमीसारखेच रंगात होते, माझा सदरासुद्धा त्यांना स्टॅगरिंगली निळा वाटला. तेवढ्यात चटणी न्यायला आलेल्या एका बाईनं विचारलं, "स्नेहल कशी हाय ओ तिकडं?" मामांनी तोंड उघडलं. मीही कान टवकारले, आता कुठली लवंगी निघते म्हणून.

"बरी हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी यंत्र सुरू केलं. त्या आवाजात कुणाला पुढचं काही विचारता आलं नाही.