हरवलेल्या पोरांच्या मांडवातली ईया युनिस

इसेयिन गावच्या माळावर मोठ्या सभा भरायच्या त्या कोरड्या दिवसांत. उत्तरेकडून धुळीचा वारा सुटला आणि ओठ फुटायला लागले की मिशनची मंडळी लॉऱ्या घेऊन हजर. शाळेमागे फळ्यांचा मंच उभा राहायचा, बांबूंवर कर्णे चढायचे आणि अवघा मुलूख तिथे लोटायचा. कोणी दुखणं घेऊन यायचं, कोणी पाप घेऊन, आणि कोणी नुसतं गाणं ऐकायला यायचं नि जाताना रडत जायचं. एवढी माणसं म्हटल्यावर पोरं हरवणारच. ती सगळी शेवटी जिच्या हाती लागायची, ती ईया युनिस.

ईया म्हणजे आई. तिच्याहून वयाने मोठे लोकसुद्धा तिला ईयाच म्हणत. मास्तरांची विधवा, चर्चमधल्या गाणाऱ्यांचे झगे शिवायची, आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालायची. मंचाच्या डाव्या अंगाला तिचा ताडपत्रीचा मांडव असे. त्यात चटई, पाण्याचा माठ आणि सोललेल्या संत्र्यांची टोपली. रडणाऱ्या पोराला ती नाव विचारतच नसे. म्हणायची, "नाव विचारलं की पोराला वाटतं आता मार बसणार." ती विचारायची, घरी बकऱ्या किती आणि सकाळी उठल्या उठल्या भांडतं कोण? मग कर्ण्यावरून पुकारा व्हायचा: "जिच्या घरी सासू आणि शेजारीण रोज झाडूवरून भांडतात आणि जिची काळी बकरी लंगडी आहे, तिने येऊन आपलं रत्न घेऊन जावं!" सगळा माळ हसायचा आणि एक बाई डोक्यावरचं फडकं तोंडावर ओढून लगबगीने मांडवात शिरायची. ईयाच्या मांडवात पोर शिल्लक राहिलंय, असं कधी झालं नव्हतं.

असं असूनही त्या वर्षी तिचं स्वतःचं पोर हरवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पोर म्हणजे तिच्या मुलीचा मुलगा, इमॅन्युएल, चार वर्षांचा. मुलगी इबादानला नर्स, जावई उत्तरेकडे लॉरी चालवणारा, म्हणून नातू ईयाकडे. जावई विणकरआळीतला, आणि त्याची आई अल्हाजा सिकीरात म्हणजे सगळ्या विणकरआळीची थोरली सून. ती मक्केला जाऊन आलेली होती, म्हणून अल्हाजा. सोन्याचा एक दात, खणखणीत गळा, आणि कोणाचंही ऐकून घ्यायची सवय नाही. दोन्ही विहिणी लग्नात तोंडं फुगवून बसल्या होत्या. नातू झाल्यावर तोंडं उघडली, पण ती एकमेकींना टोमणे मारायला.

भांडणाचं मूळ एकच. आमच्याकडे लेकराला जगात वापरायला एक नाव असतं आणि मायेने वाढायला दुसरं. हे दुसरं नाव आजी घेते, सकाळी, पाठीवरून हात फिरवत, आणि त्याच्यामागून घराण्याची अख्खी बिरुदावली म्हणते. ती कानावर पडली की पोर ताठ उभं राहतं. कोणी शिकवावं लागत नाही. इमॅन्युएलचं ते नाव आकांबी. रोज सकाळी तो अल्हाजाकडे अकारा खायला जायचा, आणि तो गरम भजी फुंकून खात असताना अल्हाजा त्याची बिरुदावली म्हणायची.

ईयाला ते खपत नसे. जुन्या बिरुदावल्यांत जुन्या देवांची नावं असतात, प्रभूचे झालेल्यांनी ती जिभेवर आणू नयेत, असं मिशनच्या मंडळींचं सांगणं, आणि ईयाने ते बायकांच्या सभेत स्वतःच्या तोंडाने शिकवलेलं.

"विहीणबाई," ती एकदा दारात उभी राहून म्हणाली, "पोराचा बाप्तिस्मा झालाय. तुमची भुतंखेतं त्याच्या कानात ओतू नका."

"ऐका! मी पाच वेळा नमाज पढणारी बाई, माझ्याकडे कुठनं आली भुतं?" अल्हाजा म्हणाली. "पणज्याचं नाव घेतलं तर तो काय कबरीतून उठून तुमच्या चर्चात पुढच्या बाकावर बसणार आहे?"

"बसला तर बरंच होईल. निदान त्याचा तरी उद्धार होईल."

"त्याचं राहू द्या. तुम्ही आधी पोराला पोटभर घाला. माझ्याकडे येतो तो उपाशीच."

सभेच्या आठवड्यात ईयाने नातवाचं विणकरआळीत जाणं बंदच केलं. सभा संपेपर्यंत नाही म्हणजे नाही. पोर रडलं, रुसलं, मग गप्प झालं. गप्प झालेलं पोर जास्त धोक्याचं, हे ईयाने किती आयांना सांगितलं होतं!

तिसऱ्या संध्याकाळी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. परदेशातून आलेले प्रचारक अजून बोलायला उभे राहिले नव्हते. लोक उभ्याने गात होते. लाखभर माणूस असेल. ईया मांडवात एका जुळ्यांच्या जोडीची समजूत घालत होती. वळून पाहिलं तर चटईवर संत्र्याची सालं होती आणि इमॅन्युएल नव्हता.

आधी तिने मांडवामागे पाहिलं, मग मंचाखाली, मग जनरेटरच्या लॉरीपाशी. पुढे मोठा रस्ता होता, लॉऱ्या दिवे न लावता धावत होत्या, आणि शाळेच्या विहिरीला कठडा नव्हता. तिच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्यांच्या पोरांसाठी जे जे सुचायचं त्यातलं एकही तिला सुचेना. मंचाची व्यवस्था पाहणाऱ्या पास्टर ओयेदेजींना तिने नाव सांगितलं, आणि कर्ण्यांवरून पुकारा झाला, "इमॅन्युएल, वय चार, मांडवात या."

एकामागून एक इमॅन्युएल येऊ लागले. लांब बाह्यांचे, नागडे, एक तर मिशा फुटलेला. देवाने त्या मुलखात दुसरं नावच पाठवलं नव्हतं जणू. तिचा त्यांत नव्हता. शेवटी ती स्वतः वर चढली आणि माइक हिसकावून ओरडली, "इमॅन्युएल! आहेस तिथून बाहेर ये! आत्ताच्या आत्ता ये!" तो आवाज माळाच्या पलीकडे जाऊन परत आला. पोर आलं नाही.

विणकरआळी माळाला लागूनच. कर्ण्यावरचं नाव ऐकून अल्हाजा होती तशी निघाली. गर्दीतून कोपरांनी वाट काढत ती मांडवात आली आणि नमस्कार-चमत्कार काहीही न करता म्हणाली, "पोरगं कुठंय?"

ईयाला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलू दे, मी त्याच लायकीची आहे. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "सापडत नाही हो."

अल्हाजाने तिचा हात धरला. "हे बघा, त्या नावाने तुम्ही त्याला कधी हाक मारता? दूध सांडलं की. कोंबडीला दगड मारला की. ते नाव ऐकून तो तुमच्याकडे येत नाही, पळतो. मला वर जाऊ द्या. मी बोलावते त्याला."

"कसं बोलावणार?"

"कसं म्हणजे? माझ्या पद्धतीनं."

ईया समजली. क्षणभर ती उभी राहिली. परवाच त्या मंचासमोर बसलेल्या बायकांना तिने सांगितलं होतं, बिरुदावली विसरा. त्या सगळ्या बायका आता समोरच्या चटयांवर होत्या. मग ती विहिणीचा हात न सोडता पायऱ्या चढली.

पास्टर ओयेदेजी आडवे आले. माणूस वाईट नव्हता, पण नेमाचा पक्का. "ईया, हे व्यासपीठ आपण प्रार्थना करून प्रभूला वाहिलंय. इथून बिरुदावली? तुम्हीच बायकांना काय शिकवलंत?"

"शिकवलं. त्याचा जाब मी देवाला देईन, तुम्हाला नाही. बाजूला व्हा, पास्टर."

ते बाजूला झाले. तिला अडवायची छाती इसेयिनमध्ये कोणाची नव्हती.

तिने माइक घेतला. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "मी ईया युनिस. तुमची पोरं मी आजवर तुमच्या पदरात घातली. आज माझं हरवलंय. येशूच्या नावाने तुमच्या पाया पडते, सगळे खाली बसा. आहात तिथे बसा. आणि कोणी बोलू नका."

आणि लाख माणूस खाली बसलं. पुढच्या चटयांपासून सुरुवात झाली. मग बाकं, मग त्यामागची उभी गर्दी, मग पार लांब सायकलींना टेकलेले, शेंगदाणेवाल्या, भिंतीवर चढलेले. सगळे एका लाटेसारखे खाली गेले. कोणीतरी जनरेटर बंद करायला निघालं तर दुसऱ्याने माइकचं ध्यानात आणून दिलं. तेवढी घरघर राहिली. ईयाने त्या माळावर आंधळ्यांना पाहताना आणि लंगड्यांना चालताना पाहिलं होतं, पण एवढी माणसं एका पोरासाठी गप्प झालेली तिने पाहिली नव्हती. देव इथे आहे, हे ती रोज म्हणायची. त्या क्षणी तिला त्याची भीती वाटली.

अल्हाजाने डोक्यावरचं कापड नीट केलं आणि गळा मोकळा सोडला.

"आकांबी!
मागावर बसणाऱ्याच्या लेका, आकांबी!
राजाच्या अंगावर वस्त्र नव्हतं, तेव्हा तुझ्या पणज्याने दार लावून घेतलं,
दार उघडलं तेव्हा राजा ढग पांघरून बाहेर आला.
ज्याचा धोटा फिरला की पाऊसही वाट बघायचा,
ज्याने सुताच्या एका धाग्याने दोन भांडणारी गावं बांधली,
त्याचा तू, आकांबी, उभा राहा!
तुझ्या माणसांत तू एकटा नाहीस, उभा राहा!"

आधी उजवीकडे, बाकांवर, एक म्हातारा उठला. गळ्यात टाय, हातात बायबल. त्याला स्वतःलाही कळलं नसावं आपण का उठलो ते. मग लांबवर एक बाई उठली, पाठीला मूल बांधलेली. मग एक ड्रायव्हर. मग पोलीस. विणकरांचं घराणं कुठे कुठे पांगलं होतं, कोणी कारकून झालं होतं, कोणी चर्चचे वडील, कोणी दुसऱ्या गावचं. वर्षानुवर्षं ते शब्द कानावर पडले नव्हते, आणि आता पडल्यावर बसवेना. बसलेल्या माळावर इथे एक, तिथे एक, माणसं ताठ उभी राहत गेली, आणि त्यांच्या गालांवरची धूळ ओली होत होती. परदेशी प्रचारक खुर्चीतून दुभाष्याला विचारत होते, काय चाललंय हे? दुभाष्याही छाती काढून उभा होता.

अल्हाजा थांबली नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं. आणि माळाच्या टोकाला, जिथे संत्रेवाल्यांच्या रिकाम्या टोपल्या एकीवर एक रचून ठेवल्या होत्या, तिथे वरची टोपली हलली, कलंडली, आणि एक लहानसं डोकं वर आलं. पोर टोपलीतच ताठ उभं राहिलं, हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटवून, जसं अकारा खाताना राहायचं तसं.

"तो! तो!" ईया ओरडली आणि खाली बसली.

जवळच उभा राहिलेला तो ड्रायव्हर धावला. त्याने पोराला उचललं, पण बसलेल्या माणसांतून वाट कुठे होती? मग त्याने त्याला पुढच्या बाईच्या हाती दिलं. तिने पुढच्याच्या. असं डोक्यांवरून, हातांवरून, एका ओंजळीतून दुसऱ्या ओंजळीत ते पोर मंचाकडे येऊ लागलं. अजूनही कोणी बोलत नव्हतं. मुसलमान शेंगदाणेवालीने त्याला घेतलं, पोलिसाने घेतलं, गाणाऱ्यांपैकी कोणी घेतलं. पास्टर ओयेदेजींनी शेवटचे हात लावले, आणि पोराला खाली ठेवण्याआधी त्यांनी आपला चष्मा काढून डोळे पुसले.

पोर अल्हाजाच्या पायांना मिठी मारून उभं राहिलं. ईयाकडे गेलं नाही. सगळ्या माळाने मग असा जयघोष केला की कर्णे कमी पडावेत. परदेशी प्रचारक उभे राहिले, पुढे आले, आणि बोलायचं सोडून गुडघ्यांवर बसून रडायला लागले.

नंतर मांडवात तिघंच होती. बाहेर गाणं सुरू झालं होतं. ईयाने पोराला संत्रं दिलं. त्याने घेतलं नाही.

"मी एवढ्या हाका मारल्या," ती म्हणाली. "आला का नाहीस रे, बाळा?"

पोराने अल्हाजाच्या कपड्यात तोंड लपवलं आणि तिथूनच म्हणालं, "ती तू होतीस? मला वाटलं देव रागावलाय."

अल्हाजाने एरवी हा टोमणा जन्मभर पुरवला असता. आज तिने फक्त पोराचं डोकं कुशीत ओढून घेतलं.

ईया पोरासमोर चटईवर बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे तिला कळत नव्हतं, मग ठेवला. "आकांबी," ती म्हणाली. पोराने वळून पाहिलं.

"आकांबी," तिने पुन्हा म्हटलं, "मागावर बसणाऱ्याच्या लेका..." आणि ती अडली. तिने वर विहिणीकडे पाहिलं. "पुढचं काय हो, विहीणबाई? मला येत नाही. मला शिकवा."

अल्हाजा खाली बसली, तिच्या मांडीला मांडी लावून, आणि एकेक ओळ सांगू लागली. ईया चुकत चुकत तिच्यामागून म्हणत गेली, आणि पोर दोघींच्या मधे ताठ उभं राहिलं.