नानकटाईच्या भट्टीत कोंबडी

आईचा टायफॉइड उतरला आणि बाबांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. यातलं जास्त धोकादायक काय, यावर आम्हा भावंडांत एकमत नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही वाशीत राहायचो आणि बाबा न्हावा शेव्याच्या नव्या बंदरात लोकांचा माल कस्टममधून सोडवून द्यायचं काम करायचे. बोटीच्या पोटातून नेमका खोका शोधून काढणाऱ्या या माणसाला घरात चहाची पावडर कधी सापडली नाही.

ताप गेला, पण आई जेवेना. पेज पुढे नेली की दोन चमचे घ्यायची, "तोंडाला चवच नाही गं," म्हणायची आणि भिंतीकडे कूस बदलायची. तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायच्या. मला भीती वाटायची. ती मरणार असंच वाटायचं, आणि हे कुणाला विचारायची सोय नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, मसाला बंद, पण पोटात काहीतरी गेलंच पाहिजे.

बाबांनी यावर थेट परदेशी तोडगा आणला. एका जहाजावरच्या खानसाम्याने त्यांना सांगितलं होतं की मोठ्या ट्रेमध्ये कोंबडी, बटाटे, गाजरं, कांदे मांडायचे, वर लोणी, लसूण, मिरपूड लावायची आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. "एकाच ट्रेत अख्खं जेवण! ढवळायचंसुद्धा नाही," बाबा म्हणाले. ज्या पदार्थात काही करावंच लागत नाही, तो पुरुषांना एकदा ऐकून पाठ होतो.

येताना वाटेत जासई गावात उतरून त्यांनी गावठी कोंबडी आणली. आजारी माणसाला गावठीच द्यायची, एवढं त्यांना ठाऊक होतं. गावठी शिजायला कुकरच्या किती शिट्ट्या लागतात हे आईला ठाऊक होतं, पण तिला विचारतो कोण?

राहिला ओव्हन. तो आमच्याकडे नव्हता, पण सेक्टरातल्या बेकरीत भट्टी होती. दिवाळी तोंडावर आली होती आणि घरोघरच्या बायका नानकटाया ट्रेत मांडून भाजायला तिथे रांगेत उभ्या होत्या. त्या रांगेत बाबा, हातात फडक्याने झाकलेला ट्रे. मागे शेजारच्या काकू. त्यांच्या घरात लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेरून परत जायचा.

"अगंबाई, यंदा तुम्ही?" काकूंनी कौतुकाने विचारलं.

"हो ना, ही आजारी आहे ना," बाबा म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

बेकरीवाल्याने फडकं उचलून पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "साब, त्योहार का टाइम है. एकदम पीछे रखता हूँ."

ट्रे घरी आला. बटाटे छान झाले होते, गाजरंही. कोंबडी मात्र वरून सोनेरी आणि आतून गावठीच राहिली होती. सुरी आत जाईना. बाबांनी ओट्यावर तिच्याशी बरीच झटापट करून एक तंगडी सोडवली आणि आईच्या ताटलीत ठेवली. आईने कडेचा एक तुकडा चावला, बराच वेळ चावला, "छान झालंय," म्हणाली आणि ताटली बाजूला सारली. बाबा तसेच उभे राहिले. एरवी त्यांची टिंगल करणाऱ्या मला तेव्हा रडू आलं.

तेवढ्यात बेल वाजली. काकू होत्या, हातात पत्र्याचा डबा.

"वास घ्या! घ्या ना वास! नानकटाईला लसणाचा वास मारतोय नुसता. आता देवापुढे काय ठेवू मी, तुमची कोंबडी?"

कस्टमच्या साहेबांना बोलण्यात गुंडाळणारे बाबा खरंच वाकून वास घ्यायला लागले. काकूंनी डबा टेबलावर आपटला, "आता तुम्हीच खा," म्हणाल्या आणि गेल्या.

"काय आहे त्यात? बघू," आतून आई म्हणाली.

इतक्या दिवसांत तिने काही मागितलं नव्हतं. मी डबा नेला. तिने एक नानकटाई नाकाशी धरली, खाल्ली, दुसरी घेतली.

"अहो, चव लागतेय हो," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, पण नानकटाई सोडली नाही. चादरभर चुरा पडला. बाबा पाणी घेऊन धावले तर म्हणाली, "पाणी राहू द्या. ती कोंबडी कुकरला लावा आधी. शिट्ट्या मी मोजते. आणि खोबरं भाजायला घ्या. मंद आचेवर! मिरची नका घालू, पण रस्सा तरी होऊ दे बिचारीचा."

बाबांनी खोबरं अर्थातच जाळलं. वास बाहेर येताच आई उशीला टेकून उठून बसली आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, गॅस बारीक करा म्हटलं ना!"

तो आवाज ऐकला आणि मला कळलं, आई काही मरत नाही.